मशिनीचा रतीब

"घरी कोणी नाही," दाराच्या फटीतून आवाज आला.

शालिकरामने सायकल भिंतीला टेकवली. फटीतून हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसत होता. त्याच्या मागे, खिडकीपाशी, शिलाई मशीनची काळी मानही दिसत होती.

"बाई, मी मशीनवाला. बंडोपंतसाहेबानं सांगतलं होतं, पाहून जा म्हनून."

"ते कोर्टात गेलेत. घरी कोणी नाही."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

त्या दिवशीचं हे तिसरं दार. घरी कोणी नाही म्हणजे घरी पुरुषमाणूस नाही, हे शालिकरामला कळत होतं. त्याला राग आला नाही. दुपारच्या वेळी परका माणूस आला असता तर त्याच्या बायकोने, शेवंतानेही हेच सांगितलं असतं.

शालिकराम मूळचा कटंगीकडचा. बालाघाटच्या बाजारातल्या एका दुकानात त्याने अठरा वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. सदुसष्ट साली मालक वारले आणि त्यांच्या मुलांनी मशिनी काढून दुकानात रेडिओ मांडले. रेडिओतलं शालिकरामला काही कळत नव्हतं. त्याने आपले पेचकस, तेलाची कुपी आणि रॉकेलची बाटली पिशवीत भरली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरला.

त्याच्या मनात एक साधा विचार होता. गावात कोर्टातली, जंगलखात्यातली, शाळेतली माणसं राहत. लग्नात आलेली मशीन त्यांच्या घराघरात होती. दूधवाला रोज येतो, धोबी आठवड्याने येतो, तसं आपण महिन्याने जायचं. मशीन उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, टाका बघायचा. अशी पंचवीस घरं कायमची लागली की दोघांचं पोट भरेल. दिवाळीपर्यंत नाही लागली, तर गावी धाकट्या भावाच्या धानाच्या बांधीत गड्यासारखं राबायचं. भावजयीने तसं आत्ताच बोलून दाखवलं होतं.

स्टेशनजवळचा टिकाराम चहावाला हे ऐकून खूप हसला होता. "दुधाचा रतीब ऐकला होता गा, शालिक. मशिनीचा रतीब? तुही मशीन का गाय आहे, रोज पान्हा सोडाले?"

"नाही पुसली तं तेही आटते," शालिकराम म्हणाला.

रविवारी पुरुष घरी असत. पण ते विचारत, "चालतेय ना? मग कशाला उघडायची?" मशीन अडली की मात्र बोलावणं येई. शालिकराम ती अशी दुरुस्त करी, की पुढची दोन वर्षं त्या घराला त्याची आठवण राहत नसे. चार महिन्यांत कायमची घरं लागली ती तीन.

तीन दारं बंद झाली त्या संध्याकाळी तो बराच वेळ सायकलची साखळीच पुसत बसला. शेवंताबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अजी, उद्या मी येतो संगं. नुसती दारात बसन."

"लोक हासतीन."

"हासू द्या. हासाले तं दार उघडतीन."

दुसऱ्या दिवशी दोघं पायीच गेली. बंडोपंत कोर्टात नाझर होते. त्यांचं दार पुन्हा किलकिलं झालं. त्यांच्या पत्नी चारुलताबाईंनी आधी शालिकरामकडे पाहिलं, मग त्याच्यामागे पदर सावरून उभ्या असलेल्या शेवंताबाईकडे.

"अगंबाई, बाईपण आहेत होय! या ना, आत या."

मशीनचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं तरी हलत नव्हतं. शालिकरामने बोट आत घालून पाहिलं. बोटाला पिवळा, चिकट थर लागला.

"कोनतं तेल टाकलं होतं, बाई?"

"जवसाचं. अगदी घरचं, घाण्यावरचं. बाजारच्या तेलात काय घालतात कुणास ठाऊक!"

"जवसाचं तेल खाऊन मानूस चालते, बाई. मशीन बसते." त्याने समजावून सांगितलं, की हे तेल वाळलं की त्याचा पापुद्रा धरतो. म्हणूनच सुतार ते दाराच्या लाकडाला चोळतो. या गावातल्या निम्म्या मशिनी अशा चांगल्या तेलानेच मेल्या होत्या. त्याने एकेक भाग काढून शेवंताबाईच्या हाती दिला, तिने तो रॉकेलच्या ताटलीत ठेवला. तासाभराने त्याने चाकाला एक बोट लावलं. चाक फिरलं आणि थांबेचना. चारुलताबाई लहान मुलीसारख्या हसल्या.

"दर महिन्याला येत जा," त्या म्हणाल्या. "पण दोघं या हं."

त्यानंतर दारं उघडू लागली. शालिकरामने मग बायकोला शिकवायचं मनावर घेतलं. घरी एक जुनी मशीन पडून होती. तो तिचं खालच्या दोऱ्याचं शटल काढून, त्याचे भाग सुटे करून थाळीत ठेवी आणि तिला जोडायला सांगे. चुकलं तरी तो चुकलं म्हणत नसे. "फिरवून पाहाय," एवढंच म्हणे. मशीन अडे, आणि चूक तिची तिलाच सापडे. कधी सात वेळा, कधी दहा वेळा. शेवंताबाईला अक्षर येत नव्हतं, पण एकदा हाताने ओळखलेली वस्तू ती विसरत नसे.

"हातानं पाहाय आधी. डोये नंतर," तो म्हणे. "अन् कान उघडा ठेव. मशीन बोलते."

"तुमच्यापेक्षा जास्तच बोलते," ती म्हणे.

दिवाळीला बावीस घरं झाली. भावजयीकडे जायचं टळलं. शालिकरामने टिकारामला बोलावून चहा पाजला, त्याच्याच दुकानातला.

आणि मग बावीस घरांतल्या सत्यभामाबाईंच्या घरी ते पहिल्यांदा घडलं. "भाऊ, तुम्ही ओट्यावर बसा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आत लेक बाळंतीण आहे. शेवंताबाई करतील."

त्यात गैर काहीच नव्हतं. शालिकराम ओट्यावर बसला. आतून मशीनचा आवाज येत होता. तो कान देऊन ऐकत राहिला.

"पट्टा ताठ झाला," तो बाहेरून म्हणाला.

"हौ. सैल करून राह्यली," आतून उत्तर आलं.

पुढच्या महिन्यात बाळंतीण सासरी गेली, पण ओट्यावर बसायची रीत राहून गेली. मग ती रीत दुसऱ्या घरी गेली, तिसऱ्या घरी गेली. बायकांना शेवंताबाईशी बोलता येई. कापड बेतताना, ब्लाऊजचं माप सांगताना मधे पुरुष नसला की बरं वाटे. शालिकराम ओट्यावर बसून ऐके, आणि एखादी सूचना आत पाठवी. "सुई तपासून घे." "मशिनीच्या दातात सूत अडकलं आहे."

होळीच्या सुमारास असं झालं, की तो सबंध दुपार ओट्यावर बसला आणि त्याला आत सांगण्यासारखं काही सापडलं नाही. आवाज अगदी एकसारखा येत होता. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं? त्याला आनंद झाला. पण घरी जाताना पिशवी तिच्याच हातात आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

चैत्रात शेवंताबाईला ताप आला. पिशवी घेऊन शालिकराम एकटाच निघाला. चारुलताबाईंनी दार उघडलं, त्याच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बाई नाही आल्या?"

"ताप आहे तिले. मी करून देतो ना."

त्या थोड्या अवघडल्या. त्यांनी त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं. तो पिऊन होईपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी कोणी नाही, भाऊ. बाईंना बरं वाटलं की पाठवा. घाई नाही."

तो घरी आला. शेवंताबाई गोधडी पांघरून भिंतीला टेकून बसली होती.

"झालं का?"

"उद्यापासून तू नको येऊ."

"काहून?"

"धंदा माहा आहे."

तिने गोधडी बाजूला सारली. "तुमचाच आहे जी. विद्या बी तुमचीच. पन दार मले उघडते, तं मी का करू?"

कोपऱ्यातल्या जुन्या मशीनचं चाक शालिकरामने एकदा फिरवलं. ते थांबेपर्यंत तो पाहत राहिला.

"अन् मी का करू?" त्याने विचारलं.

तापाने तिचे ओठ सुकले होते. त्याने उठून तिला पाणी दिलं.

बरं वाटल्यावर ती एकटीच जाऊ लागली. शालिकराम सायकल काढून वारासिवनीपर्यंत काम मागत शिंप्यांची दुकानं फिरून आला. प्रत्येकाचा आपला जुना माणूस ठरलेला होता. एकाने त्याला ओळखलं. "तुम्हीच ना हो, त्या मशीनवाल्या बाईचे घरवाले?" तो म्हणाला. शालिकराम हौ म्हणाला आणि सायकलवर बसला.

वैशाखातल्या एका दुपारी, शेवंताबाई बाजारात गेली असताना, त्याच्या दाराशी छत्री मिटल्याचा आवाज झाला. उन्हाळ्यामुळे कोर्ट सकाळचं झालं होतं आणि बंडोपंत तिकडूनच आले होते.

"शेवंताबाई आहेत का?"

"घरी कोनी नाही," शालिकराम म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याने ते ऐकलं. बंडोपंतांनीही ऐकलं असावं. त्यांनी छत्रीची मूठ या हातातून त्या हातात घेतली.

"बरं. आल्या की पाठवून द्या. सौभाग्यवतींची मशीन मधूनमधून टाका सोडतेय म्हणे."

"जाड कापडावरच सोडते, का पातळावर बी?"

"जाड. गादीची खोळ शिवत होती."

"सांगतो तिले," शालिकराम म्हणाला.

बंडोपंत गेले. शालिकराम उठला. खिळ्यावरची पिशवी काढून त्याने खाली ठेवली. डब्यातून जाड कापडाची एक सुई निवडली, टोक नखावर ओढून पाहिलं, आणि ती कागदात गुंडाळून पिशवीच्या वरच्या कप्प्यात, तिच्या हाताला आधी लागेल अशी ठेवली. मग तेलाची कुपी घेतली, कुपीच्या तोंडाला मऊ फडकं लावून थेंब थेंब तेल गाळून ती काठोकाठ भरली. नळी पुसली. पिशवी पुन्हा खिळ्याला अडकवायला गेला. खिळा त्याच्या उंचीचा होता. त्याने तो उपटला आणि वीतभर खाली ठोकला.