बाईंना न दिसलेलं चित्र

मंगळवार होता. मी पहिल्या पेशंटच्या पाठीवर टेकलो होतो. तेवढ्यात आमच्या खोलीतले तंत्रज्ञ, सगळ्यांचे मामा, टॉवेलांचा गठ्ठा घेऊन दारात आले. "बाई गेल्या. पहाटे," एवढंच म्हणाले आणि टॉवेल रचायला लागले.

मी सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रोब बोलतोय. वायरच्या टोकाला लटकणारा, मुठीत मावणारा. मी अंगावर टेकलो की आतलं पडद्यावर दिसतं. तपासणीसाठी मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढायचा असला, की सुईला वाट मी दाखवतो. अकरा वर्षं मी डॉक्टर बाईंच्या मुठीत होतो.

पेशंट पालथा झोपला, पोटाखाली उशी गेली, की बाई सुईचा खटका आधी हवेतच वाजवत. "ऐकून ठेवा. आवाज मोठा, काम छोटं."

"बाई, सुई केवढी आहे हो?" एका शिंपीदादांनी घाबरून विचारलं होतं.

"तुमच्या मशीनपेक्षा कमी टाके घालते. श्वास धरा... सोडा. झालं!"

मग आत रक्त साचलंय का ते बघायला मला पुन्हा टेकवत आणि पडदा पेशंटकडे वळवत. "हे तुमचं मूत्रपिंड. इतकी वर्षं मुकाट राबतंय बिचारं." माणसं मान वळवून बघत राहत.

गेल्या वर्षी बाईंचेच पाय सुजले. त्याच खाटेवर त्या पालथ्या झाल्या. मला धरलं होतं त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या धाकट्या डॉक्टरांनी. त्यांची मूठ घामेजली होती.

"मूत्रपिंडाचं खालचं टोक दिसतंय ना रे? मग वाट कसली बघतोस?"

"तुम्ही बोलायचं थांबायची, बाई."

बाई उशीत हसल्या. मग श्वास धरला. तुकडा नीट निघाला.

"आता पडदा वळव. माझं मी कधी पाहिलं नाही."

तेवढ्यात वॉर्डातून तातडीचं बोलावणं आलं. "आलोच, बाई," म्हणत धाकटे डॉक्टर मला यंत्राच्या खाचेत अडकवून धावले. परतले तेव्हा खाट रिकामी होती. बाईंना वरच्या मजल्यावर हलवलं होतं. रिपोर्ट वाईट आला. उपचार लांबत गेले. बाई या खोलीत पुन्हा आल्याच नाहीत. दार उघडलं की मला अजून त्यांची कोरडी, उबदार मूठ आठवते.

या मंगळवारी मामांचं ऐकून मला धरलेले धाकटे डॉक्टर क्षणभर थांबले.

"काय झालं हो?" खाटेवरच्या आजोबांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा. श्वास धरा."

काम झाल्यावर त्यांनी पडदा वळवला. आजोबा बराच वेळ बघत राहिले.

बाईंना मात्र त्यांचं स्वतःचं दाखवायचं राहून गेलं.