किल्ली शोधतानाची धून

भाचीला चित्रपट काढता आला, पण गुणगुणता म्हणून येत नव्हतं. तिने अंगाईला तोंड उघडलं की पेंगुळलेलं बाळही टक्क जागं व्हायचं.

या पहिल्याच चित्रपटाचं संगीत सख्खा मामा करत होता आणि गाडं शेवटच्या प्रसंगावर अडलं होतं. नायिका रिकाम्या घराला कायमचं कुलूप लावते. मामाने चाली बांधायच्या, भाचीने नकारार्थी मान हलवायची.

"जरा कमी ओलं हवं, मामा."

"सूर काय दोरीवर वाळत घालू?"

त्यात निर्मात्याने निक्षून सांगितलं, आज ठरलं नाही तर कुठलीतरी तयार धून चिकटवू. मग मामाची धून जाईलच, वर त्याचा मानी स्वभाव बघता आजोळही तुटेल.

म्हणून तिने ते सॉफ्टवेअर घेतलं, सारेगमसुद्धा न येणाऱ्यांसाठी बनवलेलं. पडद्यावर प्रसंग सरकतो, त्याखाली बोटाने रेघ ओढायची. रेघ जाड तर सूर भारी, बारीक तर हलका. त्यावरून संगणक कच्ची धून वाजवतो. बाळाला मांडीवर थोपटत एका हाताने तिने रेघा ओढल्या आणि मामाच्या स्टुडिओत जाऊन ऐकवल्या.

"हे संगीत आहे की सायकलची चेन उतरलीय?"

"हस खुशाल. पण शेवटपर्यंत ऐक."

ऐकता ऐकता मामा पुढे सरकला. "ती रडते तिथे रेघच नाही. राहिली का?"

"नाही, सोडलीय."

"आणि पर्समध्ये किल्ली शोधते तिथे एवढी जाड? माझी सगळी व्हायोलिनं तर रडण्यावर आहेत."

"रडणं दिसतंच आहे रे. किल्ली सापडूच नये असं तिला वाटतंय, ते कुठे दिसतंय?"

मामाने प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला.

"हे तोंडाने सांगायला काय धाड भरली होती?"

"रेघ ओढेपर्यंत मला तरी कुठे माहीत होतं."

मामाने तिचे सूर निर्दयपणे फेकले, जागा मात्र एकही हलवली नाही. व्हायोलिनं गेली. एकटी बासरी उरली, तीही अडखळत वाजणारी.

संध्याकाळी निर्माता आला, हाताची घडी घालून बसला. नायिकेचा हात पर्समध्ये गेला, बासरी लागली आणि त्याची घडी सुटली. बघता बघता तो स्वतःचाच खिसा चाचपू लागला.