चिमूटभर माती

"थुक! थुक म्हंते न्हवं!"

केराबाईनं सुनेचा जबडा एका हातानं दाबला आणि दुसऱ्या हाताचं बोट सरळ तिच्या तोंडात घातलं. काळपट चिखलाचा गोळा लाळेच्या तारेसकट जमिनीवर पडला.

"शी! मानूस हाईस का गांडूळ?"

सासूला आली त्याहून जास्त किळस गोजाबाईला स्वतःची आली होती. दातांत अजून रेव कचकचत होती. चुलीमागच्या भिंतीच्या कोपऱ्यात तिनं नखांनी पोखरून पोखरून वाटीएवढा खळगा केला होता.

मेंढरं विकून तिचा नवरा सिदू मंगळवेढ्याकडून सोलापुरात आला आणि शुक्रवार पेठेत खोली घेऊन गिरणीत लागला. मागोमाग गोजाबाईही सूत गुंडाळायच्या खात्यात जाऊ लागली. पोटुशी असताना तिला मातीचे डोहाळे लागले. सगळ्याच बायकांना लागतात, म्हणून कोणी काही बोललं नाही. पण सातव्या महिन्यात मूल मेलेलंच जन्मलं. "मातीनंच गिळलं लेकरू," शेजारणी म्हणाल्या. गोजाबाईनं ते काळजाला लावून घेतलं.

डोहाळे तिथंच संपायला हवे होते. ते संपले नाहीत. गिरणीत कामावर नजर ठेवणारा जॉबर खेकसला, घरात सासूनं टोमणा मारला, की तिचा हात भिंतीकडे जायचा. खाल्लं की मळमळायचं. मग ती उलथनं तापवून स्वतःच्या मनगटावर चटका द्यायची, सिद्धरामेश्वराची शपथ घ्यायची. चटक्याची आग निवायच्या आत शपथ मोडायची. मग आणखी एक चटका.

चैत्रात एका दुपारी ती परसात भांडी घासत होती. दावणीला बांधलेली शेळी हाडकली होती आणि मातीची भिंत खसाखसा चाटत होती. केराबाई काठी घेऊन धावली.

"हिला बी तुजीच सवय लागली बग!"

गोजाबाई राखेच्या हातांनी उठली आणि तिनं काठी धरली.

"मारू नगासा, आत्याबाई. चाटती म्हंजे कायतरी कमी पडतंय की तिला. मारून काय भरून येनार हाय व्हय?"

तिनं मूठभर मीठ आणून शेळीपुढं धरलं, दुसऱ्या हातानं तिची मान खाजवली. "खा गं बाय. कुनी न्हाय मारत तुला."

बोलता बोलता ती थांबली. इतकं मऊ आपण कोणाशी शेवटचं कधी बोललो होतो, ते तिला आठवेना. हाताला मीठ चिकटलं होतं. मनगटावरच्या चटक्यांना ते झोंबत होतं. केराबाईची नजर त्या चटक्यांवर गेली. तिनं काठी भिंतीला टेकवली आणि आत निघून गेली.

सवय काही त्या दिवशी सुटली नाही. आठवड्याभरात जॉबरनं चारचौघींत आईवरून शिवी दिली आणि घरी येताच गोजाबाईनं चिमूटभर माती तोंडात टाकली. पुन्हा तीच मळमळ, तीच शिसारी. उलथनं चुलीशेजारीच होतं. तिनं तिकडे हात नेला, मग मागे घेतला. तांब्याभर पाणी घेऊन खळाखळा चूळ भरली, तोंड पुसलं आणि ती खाली बसली.

"दमलीस गं, गोजे," ती स्वतःलाच म्हणाली. "आज लई दमलीस."

सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणारी ती. त्या दिवशी तिनं भाकरी थापली ती आधी स्वतःच्या ताटात घेतली. केराबाईनं पाहिलं आणि वर एक कांदा फोडून दिला.

पुढं माती हळूहळू कमी झाली. कधी खाल्ली जायची, कधी दहा-पंधरा दिवस नाही. पण चटका तिनं पुन्हा घेतला नाही. आणि इतके महिने जे विचारायचा आपल्याला हक्कच नाही असं ती धरून चालली होती, ते एका सकाळी तिनं सिदूला विचारलं.

"अवं, पोरगा हुता का पोरगी?"

सिदूचा घास हातातच राहिला. "पोरगी," तो म्हणाला. "म्याच पुरली. लई लांब बोटं हुती तिची. तुज्यावानी."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. गल्लीतली माणसं लगबगीनं निघाली. गोजाबाई आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बोटांकडे पाहत रडत राहिली, आणि सिदूनं तिला ऊठ म्हटलं नाही.