पाटीसकट गाडी

भगवानरावांच्या ट्रकच्या कपाळावर लाकडी पाटी होती आणि तिच्यावर लाल रंगात ठसठशीत लिहिलं होतं, 'नामांतर झालंच पाहिजे'. विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा तापलेला, आणि हा गडी ती पाटी मिरवत सोनपेठच्या बाजारातून दिवसातून दोनदा जायचा. लोकांना ते सोसणार कसं?

त्यातच तेलाच्या दाबाचा काटा नाचायला लागला. कधी वर, कधी सपशेल शून्यावर. रंगनाथ मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिलं. इंजिनात बसवलेला, काट्याला दाब कळवणारा सेन्सर झिजला होता. बदलायला अर्धा तास पुरे, पण आधी पाटी पुसून आण, म्हणाला. ही गाडी दुरुस्त केलीस तर आमच्या गाड्या तुझ्याकडे येणार नाहीत, असं चार मोठी गिऱ्हाइकं त्याला बजावून गेली होती. मिस्त्री वाईट नव्हता, भित्रा होता; आणि असल्या भित्र्याचाच जास्त राग येतो.

सोमवारी व्यापाऱ्याची ज्वारी परभणीच्या मोंढ्यात पोचवायची होती. गाडी हलली नाही तर ते काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार. आणि दाब खरंच गेला, काट्याने सांगितलंच नाही, तर इंजिनच बसणार. घरी येऊन भगवानरावांनी हे सगळं बायकोच्या, सत्यशीलाबाईंच्या कानावर घातलं. भाकरी थापता थापता त्या एवढंच म्हणाल्या, "पाटी पुसली तर म्या त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई."

मग काय, एसटीने परभणी गाठून त्यांनी नवा सेन्सर आणला आणि रविवारी दारातच पाना घेऊन बसले.

ट्रक घेण्याआधी भगवानरावांनी दहा वर्षं लोकांच्या विहिरींवर पाइप जोडले होते. आटे दिसले की गळती नको म्हणून सफेदा लावून सूत गुंडाळायचं, ही हाताची खोड. सेन्सरही त्यांनी तसाच सूत गुंडाळून कसला. तेलाचा थेंब गळला नाही, पण इंजिन चालू केलं तर काटा मेल्यागत पडलेला. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे हसले, गुमान मिस्त्रीकडं जा म्हणाले. भगवानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली तशीच चालू ठेवली आणि सेन्सरची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. काटा एकदम टोकाला गेला, असं सत्यशीलाबाईंनी केबिनमधून सांगितलं. म्हणजे काटा ठीक, वायर ठीक. सेन्सर इंजिनाच्या लोखंडाला भिडला तरच करंट फिरणार, आणि मधे तर त्यांनीच सूत भरलं होतं. स्वतःला एक शिवी हासडून त्यांनी सगळं सूत खरवडलं, आटे पुसले आणि सेन्सर उघडाच कसला. या वेळी काटा वर चढला आणि तिथंच थांबला.

सोमवारी पोती भरून निघालेली गाडी त्यांनी मुद्दाम रंगनाथच्या दुकानासमोर उभी केली. मिस्त्रीने इंजिनाचा आवाज ऐकला, आत डोकावून काटा पाहिला.

"आज चालायलीय," तो म्हणाला. "उद्या मोठं काम निघालं, तर माझ्याच दारात येशील."

"येईन की," भगवानराव म्हणाले. "पाटीसकट येईन. तुला हात लावायचा तर लाव, न्हाई तर माझे हात कुठं गेले न्हाईत."