धुक्यात उभा केलेला माणूस

धुक्याचा फोटो काढायचा तर त्यात काहीतरी काळं लागतं. नुसतं धुकं म्हणजे चुना दिलेली भिंत. कॅमेरासुद्धा बावचळतो, नजर कशावर ठेवावी हेच त्याला कळत नाही, पुढे-मागे, पुढे-मागे करत कुरकुरत बसतो. पासपोर्टचे फोटो काढून संसाराला हातभार लावणाऱ्या सूनबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. दोन हिवाळे वाया घालवून ती आपली आपण शिकली. तिसऱ्या हिवाळ्यात तिला हवं ते काळं सापडलं, आणि तेही घरातच. सासरे.

बाबांनी रेल्वेच्या केबिनमध्ये पस्तीस वर्षं सिग्नल पाडले होते. तेव्हाचा काळा ओव्हरकोट अजून शाबूत होता, आणि तासन्‌तास उभं राहायची सवयही. धुक्यात हाक ऐकू येते पण कुठून आली ते कळत नाही, म्हणून नियम त्यांनीच घालून दिला. एक लांब शिट्टी म्हणजे आहात तिथं उभे राहा. दोन तोकड्या म्हणजे काम झालं, निघा.

"आणि नाहीच ऐकू आली तर?" तिनं हसत विचारलं होतं.

"तर उभा राहीन. सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, सूनबाई. ज्या हलल्या त्यांचं काय झालं ते मला विचार."

त्या मंगळवारी नवरा कामासाठी परगावी होता. पहाटेच तिनं बाबांना स्कूटरवर मागे बसवून तळ्याच्या बांधावर नेलं, साठ पावलं पुढे पाठवलं आणि लांब शिट्टी दिली. धुकं असं काही उतरलं होतं की पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं याचा पत्ता नाही, आणि मधोमध तो कोट. तिनं अकरा फोटो काढले. नववा काढतानाच तिला कळलं, असा आपल्या हातून पुन्हा व्हायचा नाही.

तेवढ्यात पाठीमागे, लांबच्या झाडांआड, सूर्य उगवला. धुकं तांबूस झालं. असं दोन मिनिटं टिकलं तर टिकतं. ती पळाली, चिखलातून, धापा टाकत. झाडांचे फोटो होतात न होतात तोच फोन वाजला.

"अहो बाई, स्टुडिओच्या दारात उभे आहोत आम्ही! व्हिसाचा फोटो हवाय. किती वेळ उभं राहायचं माणसानं?"

"आलेच, दहा मिनिटांत आले," म्हणत तिनं तिथंच रस्त्याकडेला लावलेली स्कूटर काढली.

मागची सीट रिकामी आहे हे तिला जाणवलं नाही असं नाही. जाणवलं. पण बाबा कधीमधी चालत घरी जात, तसेच गेले असतील, असं ती सोयीनं धरून चालली. ते जात ते दोन शिट्ट्यांनंतर, एवढी गोष्ट तेवढी तिनं मनात येऊ दिली नाही.

सव्वानऊला फिरायला आलेल्या एका बाईला ते दिसले. उभेच होते. ओठ निळे पडलेले, दात असे वाजत होते की स्वतःचं नावही धड सांगता येईना. छातीत कफ भरला म्हणून चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या गावाहून मुलगी धावत आली. सूनबाईची थोरली नणंद, ताई.

"बाबा, इतक्या थंडीत तिथं काय करत होतात तुम्ही?"

बाबांनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. "फिरायला गेलो होतो. घर कुठल्या बाजूला तेच आठवेना."

डॉक्टर म्हणाले, या वयात असं सुरू होतं. आणि सूनबाई, पलंगाच्या पायथ्याशी, हातात पाण्याची बाटली घेऊन, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिली.

घरी आल्यावर, ताई अंघोळीला गेलेली पाहून तिनं बाबांना गाठलं.

"खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर ही तुला धुक्यात जाऊ देणार होती? आणि तू नाही गेलीस तर मला कोण नेणार?" बाबा खोकले. "चूक एकाची झाली तर दोघांची बदली कशाला? एकदा सांगितलं ते सांगितलं. तू आता तोंड उघडू नकोस."

आणि तिनं नाही उघडलं. बाबांनीच सांगितलंय, हे पांघरूण उबदार होतं. रोज एकटी स्टुडिओत बसून ती तो नववा फोटो मोठा करून बघायची. किती शांत उभा आहे माणूस, किती विश्वासानं! मग गिऱ्हाईक आलं की घाईघाईनं बंद करायची, चोरी पकडल्यासारखी.

रविवारी ताईनं बाबांची बॅग काढली.

"माझ्याकडे न्यायचं ठरलंय. तुझ्या नवऱ्याशी बोलणं झालंय माझं. चौथा मजला आहे, आणि कामाला जाताना मी दार बाहेरून लावून जाईन. म्हणजे घोर नको." सदरे, मोजे, औषधं बॅगेत जात होती. मग ती बाबांसमोर वाकली आणि बालवाडीतल्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, सांगा बरं, आज वार कोणता?"

ज्या माणसाला पस्तीस वर्षांपूर्वीची मालगाडी किती मिनिटं लेट होती ते पाठ, तो माणूस खिडकीबाहेर बघत राहिला.

"गुरुवार," बाबा म्हणाले.

ताईनं डोळ्याला पदर लावला. "बघितलंस?"

बघितलं. थापेला टेकू म्हणून म्हातारा स्वतःचं डोकं गहाण टाकत होता, आणि ती मोजे घडी घालून देत होती.

"ताई, आज रविवार आहे. आणि ते बाबांना ठाऊक आहे."

"सूनबाई," बाबा गुरगुरले.

"मी उभं केलं होतं त्यांना तिथं. फोटोसाठी. शिट्टी दिल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि मी ती द्यायची विसरले. विसरले ती मी, ते नाहीत."

"किती वेळ?"

"दोन तास. जरा जास्तच."

"आणि हे बारा दिवस? तेही विसरलीस?"

सूनबाईनं हातातला मोजा खाली ठेवला.

"कुणी विचारलं होतं तुला?" बाबा सुनेवरच खेकसले.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्याकडे नंतर बघते," ताई म्हणाली. मग हात पुढे केला. "दाखव तो फोटो."

सूनबाईनं फोन दिला. ताई बराच वेळ बघत होती. बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, बाबांचा चेहरा नुसते ठिपके होईपर्यंत.

"चांगला आलाय," ती म्हणाली. चार थोबाडीत दिल्या असत्या तर सोसलं असतं.

ताईनं बॅग पलंगावर उपडी केली. सदरे एकेक करून परत कपाटात लावायला लागली. सूनबाईनं मदतीला एक सदरा उचलला. ताईनं तो तिच्या हातून काढून घेतला, झटकला, आणि स्वतःच त्याची घडी घातली.