काचेआडचा बास्केटबॉल

मी एक बास्केटबॉल. नगरच्या एसटी स्टँडवर, जामखेडच्या गाडीत, रंगनाथ सरांच्या मांडीवर बसून बोलतोय. बोलावं की नाही, हाही प्रश्नच आहे. ज्याला जन्मभर सगळ्यांनी आपटलं, त्यानं 'मला लाज वाटते' म्हटलं तर लोक हसतील.

माझा जन्म जालंधरचा. चामड्याचे तुकडे शिवून, पोटात रबरी ब्लॅडर घालून मला नगरच्या एका कॉलेजात धाडलं. तिथं मला गहिनीनाथ आणि छगन भेटले. जिवाभावाचे दोस्त, पण सरावाला एकमेकांविरुद्ध. मला हिसकावताना शिव्या, नंतर एकच चहा दोघांत. पुढं दोघंही फौजेत गेले. एकाहत्तरच्या लढाईत छगन पडला. गहिनीनाथ परतला, पण डावा हात कोपरापासून गेला होता.

रंगनाथ सर इतिहासाचे विद्वान. निवृत्त झाले तरी जिमखाना तेच पाहत. छगनच्या शोकसभेत त्याच्या फोटोशेजारी मलाही ठेवलं होतं. सर इतकं सुंदर बोलले, की शेवटी टाळ्या पडल्या. छगनची आई रंगुबाई पहिल्या रांगेत होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि सगळे वाजवतात म्हणून तिनंही टाळी वाजवली. सरांनी मान खाली घातली.

त्यातून ते शहाणे झाले असते, तर पुढचं घडलं नसतं. पण गावात लढाईचा सिनेमा लागला. सर कॉलेजच्या संघातल्या पोरांना घेऊन गेले. त्यातला नायक म्हणे हात गमावूनही हसत सलाम ठोकतो, आणि थिएटर दणाणून जातं. सर रुमाल भिजवून परतले आणि येताना एक कल्पना घेऊन आले: गहिनीनाथचा सत्कार, आणि सामना.

सामन्याआधी ते पोरांच्या कानाशी लागले. "त्याला अडवू नका रे. मन मोडेल त्याचं."

पोरं गुणी. गहिनीनाथ आला की वाट सोडायची. मीही त्यांच्या हातांतून निसटत होतो. तो मला एका हातानं उंच फेकायचा, मी जाळीतून खाली यायचो, टाळ्या. पुन्हा तेच. मग तो थांबला. मला कमरेशी धरून सरांपाशी गेला.

"सर, पोरं मला सोडत्यात."

"नाही रे, तू खेळतोयसच तसा."

"एक हात गेलाय, डोळं न्हाई गेलं. छगन्या असता तर कोपर मारून चेंडू नेला असता. मला एवढंच पघायचं हुतं, अजून जमतंय का न्हाई. तुमी तेबी पघू दिलं न्हाई."

लांबच्या लोकांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. वीराला गहिवरून आलंय, असं वाटून ते टाळ्या वाजवतच राहिले. गहिनीनाथनं मला खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. आणि निघून गेला.

मला मात्र हार-कुंकू झालं. काचेचं कपाट मिळालं, वर पाटी: 'विजयी चेंडू'. सर रोज समोर येत, खिशातली किल्ली चाचपत आणि परत जात. मी आत हळूहळू मऊ पडत होतो.

आज त्यांनी कपाट उघडलं. रुमालानं कुंकू पुसलं, सायकलच्या दुकानात हवा भरून घेतली आणि थेट गहिनीनाथच्या गावच्या गाडीत बसले.

"काय मास्तर, ह्या वयात टीम काढली व्हय?" कंडक्टर म्हणाला. "चेंडूचं हाफ तिकीट फाडू का?"

"लागत असेल तर फाडा," सर गंभीरपणे म्हणाले. सगळी गाडी हसली.

आता ते ओठांतल्या ओठांत वाक्य जुळवतायत. 'गहिनीनाथ, माझं चुकलं' इथवर येतात, आणि पुढं भाषण सुरू होतं. दचकून थांबतात. पुन्हा पहिल्यापासून.

तो दार उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. उघडलंच, आणि त्याच्या अंगणात या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी त्याच्याशी खरीखुरी झोंबाझोंबी केली, धोतरात पाय अडकून हा पडला किंवा तो पडला, तर बघणाऱ्यांना एक विनंती आहे. हवं तर पोट धरून हसा. पण टाळ्या वाजवू नका.