मागचं पुसट येतं

रंगरावांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा फोटो पाहिला, खिशातून रुमाल काढून पुढचं भिंग पुसलं आणि तोच फोटो पुन्हा पाहिला. भिंग पुसल्यानं आधीच काढलेला फोटो सुधारत नाही हे त्यांना कळत होतं, तरी पाहिला.

झोपाळ्यावर बसलेली नम्रता अशी स्पष्ट आली होती की तिच्या बाजूबंदातल्या मोगऱ्याच्या कळ्या मोजून घ्याव्यात. तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, एक करडा डाग होता. तो डाग म्हणजे गोदाबाई. रंगरावांची धाकटी बहीण, आणि नम्रताची आई.

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये नम्रताचं डोहाळजेवण चाललं होतं. सासरच्यांनी हौसेनं सगळं केलं होतं. मंडईतून सकाळीच फुलं आणली होती, झोपाळा सजवला होता. सुवासिनी ओटी भरायला जमल्या होत्या. गोदाबाई वाशीमहून दोन दिवसांसाठी आली होती. अंगणवाडीत मदतनीस होती, जास्त रजा मिळत नव्हती. बाळंतपण पुण्यातच होणार होतं, त्यामुळे उद्या ती गाडीत बसली की लेकीला या रूपात पुन्हा पाहणार नव्हती. आल्या आल्या भावाला बाजूला घेऊन ती एवढंच म्हणाली होती,

"दादा, एक फोटो पाहिजे मले. पोरीसोबतचा."

त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. नम्रता चार वर्षांची असताना गोदाबाईचा नवरा गेला. तेव्हापासून कुठल्याही शुभकार्यात ती पुढे आली नाही. तिला कोणी अडवलं होतं असं नाही, पण ये असंही कोणी म्हटलं नाही. नम्रताच्या साखरपुड्यात रंगरावांनी एकदा मोठ्यानं हाक मारली, तर ती आत निघून गेली आणि पंगती उठेपर्यंत बाहेर आली नाही. मग बहीणभावाचा एक रिवाजच पडून गेला. ती मागे दाराशी उभी राहायची. रंगराव हातातला छोटा कॅमेरा छातीसमोर धरून मान जराशी डावीकडे किंवा उजवीकडे कलती करायचे, की ती तेवढीच सरकायची. लेकीच्या खांद्यावरून आईचा चेहरा बरोबर दिसायचा. त्या छोट्या कॅमेऱ्यात जवळचं, लांबचं, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा, सगळं सारखं यायचं. असे एकवीस फोटो गोदाबाईच्या पेटीत होते.

आज हातात तो कॅमेरा नव्हता. दिग्विजयला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हिंजवडीच्या कंपनीनं सहा महिने अमेरिकेत पाठवलं होतं. येताना त्यानं वडिलांसाठी हा काळा, जड, विटेएवढा कॅमेरा आणला. "बाबा, आता ते खेळणं ठेवून द्या," असं म्हणाला. रंगराव पस्तीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले होते, यंत्राला ते भीत नव्हते. पण या यंत्राला डोळा लावला की त्यांचा चेहराच झाकला जायचा. त्यांनी मान उजवीकडे कलती केली, तेव्हा गोदाबाई जागची हलली नाही. डॉक्टरांनी नळी छातीला लावल्यावर माणूस बसतो तशी ती श्वास धरून उभी राहिली.

झोपाळा हलतोय म्हणून असेल, असं वाटून त्यांनी तो थांबवायला सांगितला. दुसरा फोटो काढला. डाग होता तिथेच. मग त्यांना आपल्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचा संशय आला. उजवा डोळा लावला. डाग होताच. शेवटी त्यांनी आत डोळा लावल्यावर दिसणारा लहानसा चौकोन नम्रतावरून काढून गोदाबाईवर नेला आणि बटण दाबलं. या वेळी गोदाबाई लख्ख आली. पण नम्रताचा एक हिरवा गोळा झाला होता.

रंगराव त्या गोळ्याकडे बघत राहिले. या यंत्राला एका वेळी दोघी चालत नव्हत्या.

"मामा," नम्रताच्या नवऱ्याच्या, केयूरच्या आत्यानं, श्यामलाबाईंनी, खुर्चीतून हाक मारली. जांभळी पैठणी नेसून त्या सकाळपासून सगळ्यांना कामं सांगत होत्या. "कॅमेऱ्याशी ओळख झाली असेल तर पुढे जाऊ या का? हे डोहाळजेवण आहे. बारशाच्या आत आटपायला हवं."

बायका हसल्या. रंगरावांनी मुलाला खूण केली.

"दिगू, बिघडलाय हा. मागचं पुसट येतंय."

दिग्विजयनं पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अहो बाबा, हेच तर हवं असतं! काय सॉलिड ब्लर आलाय. केयूर, बघ."

"वा!" केयूर म्हणाला. "एकदम प्रोफेशनल. बॅकग्राउंड पार उडवलंत की मामा."

"मागचं दिसू नये म्हणून घेतात हा?" रंगरावांनी विचारलं.

"म्हणजे मागचा पसारा दिसत नाही. जे महत्त्वाचं, तेच उठून दिसतं."

कॅमेरा हातोहात फिरला. सगळ्यांनी वाहवा केली. तो डाग कोणाचा, हे एकानंही विचारलं नाही. नम्रतानं मात्र फोटो बराच वेळ पाहिला, मग वळून दाराकडे पाहिलं, आणि कॅमेरा मामाच्या हातात दिला.

"पण मला मागचंही हवंय," रंगराव हळूच मुलाला म्हणाले.

"हवंय ना? सोपं आहे. हे चाक अंगठ्यानं फिरवा. आता एक पॉइंट आठ आहे, तो आकडा आठ करा. पार दारापर्यंत सगळं क्लिअर. उजेड कमी पडेल, ते मी सेट करून देतो." त्यानं दोन बटणं दाबली. "काढा आता."

रंगरावांनी काढला. नम्रता आली, झोपाळ्याच्या पितळी कड्या आल्या, दाराची चौकट आली, आणि चौकटीत गोदाबाईही आली. सगळं छोट्या कॅमेऱ्यात यायचं तसं. रंगरावांच्या जिवात जीव आला.

"आणि बारकाईनं बघायचं तर हे भिंगाचं चित्र असलेलं बटण," दिग्विजय म्हणाला. "कितीही मोठं करा, फाटत नाही. समजलं?"

"समजलं."

त्यांनी ते बटण दाबलं. गोदाबाईचा चेहरा मोठा झाला. आणखी दाबलं. छोट्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत तो चेहरा तिळाएवढा असायचा. आहे, एवढंच कळायचं. आता तो पडदाभर आला. एक हात चौकटीला घट्ट धरलेला, अर्धा खांदा दाराच्या पडद्याआड. ओठ मिटून ती हसत होती. पण ती लेकीकडे बघत नव्हती आणि कॅमेऱ्याकडेही नाही. तिची नजर खुर्च्यांवरच्या बायकांकडे होती, कोणाला आपलं इथे असणं खटकत तर नाही ना, हे बघत.

रंगरावांनी बटणावरचं बोट काढलं. एकवीस फोटो त्यांनीच काढले होते.

"झालं का?" श्यामलाबाईंनी विचारलं.

रंगरावांचा अंगठा चाकावर होता. त्यांनी ते मागे, पुन्हा एक पॉइंट आठवर फिरवलं.

"नाही. येत नाही."

"आता काय येत नाही?"

"मागचं. पुसट येतं. या कॅमेऱ्याचं तसंच आहे."

"बाबा, आत्ता तर मी तुम्हाला..."

"तू गप रे. तुला नाही कळत त्यातलं." रंगरावांनी आवाज चढवला. "गोदे, पुढं ये. पोरीपाशी बस."

भांडी लावण्याचा आवाज थांबला. ओटीचं ताट धरलेली बाई ताट तसंच धरून उभी राहिली.

"मी इथंच बरी आहो दादा," गोदाबाई म्हणाली.

"बरी असशील. पण फोटोत येत नाहीस. यंत्रच असलं, त्याला मी काय करू?"

सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, जणू दोष त्याचाच. श्यामलाबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात नम्रता दोन्ही हातांनी पोट सावरत झोपाळ्याच्या एका कडेला सरकली. मधोमध बसली होती, आता शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा झाली. तिनं आईकडे पाहिलं नाही, नुसता त्या जागेवर हात ठेवला.

"यंत्रांपुढे कोणाचं काय चालतं हल्ली," श्यामलाबाई कोणाकडेच न बघता म्हणाल्या. उठून त्यांनी खुर्ची ओढली आणि वाट दिली. त्या स्वतः मागे स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

गोदाबाईनं पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. येऊन झोपाळ्याच्या कडेवर टेकली, उठायचंच आहे अशी.

"कुठं पाहू?"

"माझ्याकडं."

"तू तर दिसतच नाहीस."

"तरी पाह्य."

रंगरावांनी फोटो काढला. मग आणखी एक. मग, झालं असं न म्हणताच, आणखी दोन.

श्यामलाबाई फोटो बघायला आल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. पडद्यावर मायलेकी होत्या, शेजारी शेजारी, दोघी स्वच्छ. मागे दाराशी काहीतरी जांभळं होतं.

"यात मी कुठे आहे?"

"आहात ना. मागं," रंगराव म्हणाले. "बघतो, शिकतो आहे अजून."

श्यामलाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा चाकावरच्या त्यांच्या अंगठ्याकडे. मग त्या ओटीचं ताट कुठे गेलं म्हणून कोणावर तरी ओरडल्या. ताट झोपाळ्यापाशी आलं, निरांजन लागलं, बायका पुढे झाल्या. आणि झोपाळ्यावरून अजून कोणी उठलं नव्हतं.